मीठ खाल्लेला बोल्ट

अलीमियाँची बायको सफुरा ओढणीच्या टोकाला चाव्यांचा जुडगा बांधते. कपाटाची चावी, तांदळाच्या कोठीची चावी, वाडीच्या फाटकाची चावी, आणि या सगळ्यांच्या मधोमध बोटभर लांबीचा एक पोलादी बोल्ट. ती चालू लागली की तो चाव्यांवर आपटतो आणि ठणठण वाजतो. नव्या माणसाला नवल वाटतं. तो विचारतो, "खाला, हा कशाला?" सफुरा म्हणते, "बसा, च्या ठेवते." कारण गोष्ट एका चहाएवढी तरी लांब आहे.

ती गोष्ट मी सांगते. मी पद्मा. उभं आयुष्य नाटक कंपनीत काढलं. राण्या केल्या, सावत्र आया केल्या, एकदा नायक तापाने पडला तेव्हा मिशी चिकटवून सेनापतीही केला आणि टाळ्या घेतल्या. आता म्हसळ्याहून समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, भावाच्या पोफळीच्या वाडीत राहते. शेजारचं घर अलीमियाँचं. मधे कुंपण आहे, पण ते आमच्या कोंबड्या मानत नाहीत आणि आम्हीही मानत नाही. अलीमियाँ माझ्याहून बराच लहान. म्हणून मी त्याला अली म्हणते, तो मला पद्माताई म्हणतो आणि सफुरा आपा म्हणते.

अलीच्या आजोबांचं शिडाचं गलबत होतं. नारळ, सुपारी, कौलं भरून ते पार गुजरातच्या बंदरांपर्यंत जात. शिडांचे दिवस सरले, वडिलांनी म्हसळ्यात कापडाचं दुकान घातलं आणि अली दोह्याला गेला. तिथे त्याचं काम पंख्यांचं. घरातले नव्हेत. मोठ्या इमारतींच्या गच्चीवर खोलीएवढे पंखे असतात, आतली गरम हवा बाहेर फेकणारे. ते बिघडले की अलीला बोलावत. एका शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मित्राने त्याला वाळवंटातल्या एका क्लबात नेलं. तिथे त्याने जायरोप्लेन पाहिलं, आणि माणूस जो बिघडला तो बिघडलाच.

जायरोप्लेन म्हणजे काय, हे त्याने मला आमच्या ओटीवर सुपारीच्या टोपलीत काडी खोचून समजावलं. एक बसायची खुर्ची, तिला तीन चाकं. पाठीमागे इंजिन आणि लहान पंखा, तो नुसता पुढे ढकलतो. डोक्यावर दोन लांब पात्यांचा मोठा पंखा. गंमत अशी, की त्या वरच्या पंख्याला इंजिन जोडलेलंच नसतं. यंत्र पुढे धावलं की समोरून वारा येतो आणि वाऱ्यानेच तो फिरतो. फिरला की उचलतो.

सफुरा शेंगा सोलत ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे शिडाचं गलबतच की. आजाचं खूळ नातवाच्या डोक्यात आलंय. नुसतं आडवं होतं ते उभं झालंय."

अली खूश झाला. हिला आपलं म्हणणं समजलं, असं त्याला वाटलं. ते समजलं होतंच, म्हणून तर तिने लगेच अट घातली.

"बनवा. मी न्हाय म्हणत न्हाय. पण एक सांगते. ज्या माणसाचा माल त्या यंत्राला लागंल, त्या माणसाने आधी माझ्या घरी जेवायचं. माझ्या हातचं मीठ खायचं. ज्याने मीठ खाल्लं न्हाय त्याचा खिळासुद्धा त्या यंत्रात जाणार न्हाय. आणि गेला, तर तुम्ही त्यात बसायचं न्हाय."

"अगं, माल कुरिअरने येतो आजकाल," अली म्हणाला.

"मग कुरिअरने माणूस मागवा."

मी हसले. ती हसली नाही. "आपा, तुम्ही नाटकात म्हणत असाल, खाल्ल्या मिठाला जागलं पाहिजे. आमच्यात ते खरंच करतात. ह्यांच्या आज्याने गलबतावर खलाशी घेतला तर आधी घरात पंगतीला बसवायचा. एक खलाशी जेवायला आला न्हाय, त्याला घेतला न्हाय. पुढं तो दुसऱ्याचं गलबत बुडवून आला."

यानंतर वर्ष-दीड वर्ष आमच्या वाडीत जो पाहुणचार चालला, तसा आमच्या कंपनीच्या सुवर्णमहोत्सवातही झाला नव्हता. पहिला मान माणगावच्या तुळशीरामचा. त्याचा अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा धंदा, खिडक्या-दारं करणाऱ्यांना पुरवतो. अलीला हवी होती ती नळी वेगळी, जाड आणि कठीण, ती त्याने ठाण्याहून मागवून दिली आणि टेम्पोबरोबर स्वतः आला. सफुराने सुरमई तळली, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, सोलकढी केली. तुळशीराम जेवला, हात धुतला, टेम्पोपाशी गेला आणि परत आला.

"मामू," तो अलीला म्हणाला, "त्यातली ती खालची नळी राहू द्या. ट्रकमधून उतरवताना आपटली होती. दिसत न्हाय, पण आपटली होती. दुसरी पाठवतो."

सफुराने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विजयाचा जो भाव होता तो मला सेनापती करताना जमला नव्हता. तुळशीराम दुसरी नळी घेऊन आला तेव्हा बरोबर जेवणाच्या वेळेला आला. नंतर काही काम नसतानाही येत राहिला.

इंजिन विकणारा बंगळूरचा एक गृहस्थ, तो गोव्याला निघालाच होता, वाट वाकडी करून जेवून गेला. खुर्चीचा पट्टा शिवणारा म्हसळ्याचाच. खरी पंचाईत वरच्या पात्यांची. ती इटलीतला एक म्हातारा कारागीर आपल्या कारखान्यात बनवतो. तो कुठून यायचा? अली तीन दिवस सफुराची मनधरणी करत राहिला. शेवटी तिने तोड काढली. कैरीचं लोणचं आणि सुक्या जवळ्याची चटणी भरून पार्सल केलं. मुलगा जिब्रान दोह्यालाच नोकरी करतो, त्याने पुढे रवाना केलं. आणि ठरल्या दिवशी व्हिडिओ कॉल लागला. पलीकडे पांढऱ्या मिशांचा म्हातारा, पुढ्यात पाव आणि लोणच्याची बाटली.

"खाऊ दे. मी बघते," सफुरा म्हणाली.

त्याने खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं, तरी मान हलवत दुसरी फोड घेतली. सफुरा म्हणाली, "दिलाचा साफ हाय. मागवा पाती."

पाती न्हावा शेव्याला उतरली. तिथे कस्टममधून सामान सोडवून देणारी मृणाल नावाची उरणची मुलगी फोनवर म्हणाली, "काका, कागदावर पंखा म्हटलंय. पण ही पाती बारा फुटांहून लांब आहेत. साहेब विचारतात, कसला पंखा?"

"मोठा पंखा," अली म्हणाला.

इथे अलीची एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. आयुष्यभर पंख्यात काम केल्याने तो त्या वरच्या भागाला पंखाच म्हणायचा. रोटर हा शब्द त्याला ठाऊक होता. पण तो म्हणायचा, "पद्माताई, रोटर म्हटलं की परकं वाटतं. पंखा म्हटलं की माझं वाटतं." मृणालने शेवटी साहेबांना फोटो दाखवले, कागद दुरुस्त करून घेतले, आणि एका रविवारी पाती पोचवायच्या निमित्ताने येऊन कोळंबीभात खाऊन गेली.

सगळं जमलं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये यंत्र उभं राहिलं. राहिला फक्त एक बोल्ट.

तो बोल्ट म्हणजे नाटकातला मुख्य पडद्याचा दोर समजा. दोन्ही पाती, आणि पर्यायाने खाली बसलेला माणूस, सगळे त्या एका बोल्टावर लटकतात. तो विमानाच्या दर्जाचाच लागतो आणि त्याच्याबरोबर तपासणीचा दाखला लागतो. इटलीच्या पात्यांबरोबर आलेला बोल्ट, पाती अडकवायला अलीने बांधलेल्या यंत्राच्या डोक्यात बसेना, त्याची लांबी कमी पडली. मुंबईच्या हार्डवेअर बाजारात दीपेशभाई नावाचे व्यापारी आहेत, त्यांच्याकडे हव्या त्या मापाचा मिळाला. कुरिअरने आला, कापसात गुंडाळलेला, दाखल्यासह. दीपेशभाई मात्र आले नाहीत.

सफुराने बोल्ट उचलला आणि चाव्यांच्या जुडग्यात अडकवला. "त्यांना जेवायला बोलवा."

अलीने फोन केला. दीपेशभाई म्हणाले, एका बोल्टासाठी दुकान बंद करून कोण येतं? पुन्हा केला. ते म्हणाले, सीझन आहे. तिसऱ्यांदा त्यांच्या माणसानेच उचलला. पावसाळा आला आणि गेला. यंत्र चादरीखाली उभं. अली रोज सकाळी शेडमध्ये जाऊन चादर काढायचा, पुसायचा, पुन्हा पांघरायचा. त्याचं जेवण कमी झालं. आम्ही दौऱ्यावर असताना नाटक रद्द झालं की तरुण नट असे व्हायचे. मेकअप करून बसलेले, आणि पडदा उघडायचा नाही.

एकदा मी सफुराला म्हटलं, "अगं, दाखला आहे ना. एवढं काय धरून बसलीस?"

ती भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "आपा, नळी वाकली तर चाक मोडंल. इंजिन बंद पडलं तर खाली येतील. हे मोडलं तर?" आणि मग जरा वेळाने, "दोह्याला होते तेव्हा फोन यायची वाट बघत आयुष्य गेलं. आता मानूस घरात हाय. मला पुन्हा वाट बघायची न्हाय."

तिला समजावणं मी सोडलं. पण फोन हातात घेतला. आवाज अजून आहे माझा. मी राणीचा लावला, जरा वरच्या पट्टीतला.

"दीपेशभाई, मी अलीमियाँ यांच्या वतीने बोलते आहे. आपण सहकुटुंब हरिहरेश्वराला कधी येता आहात?"

"कोण बोलतंय, मॅडम?" पलीकडचा आवाज मवाळ झाला. "हरिहरेश्वर? मिसेस केव्हाची सांगते जाऊ या म्हणून."

"मग ठरलं. वाटेत जेवण आमच्याकडे."

ते डिसेंबरात आले. गोल चेहऱ्याचे, हसरे गृहस्थ, आणि तशाच हसऱ्या बाई. शाकाहारी, कांदा-लसूणही नाही, हे आधीच कळलं होतं. म्हणून सफुराने माझी भांडी, माझी चूल आणि माझा ओटा ताब्यात घेतला होता. वालाचं बिरडं, भोपळ्याची भाजी, तांदळाची खीर. पानं वाढली. दीपेशभाईंनी हात जोडले.

"बेन, माफ करजो. मी डब्बा घेऊन आलाय. डॉक्टरे मीठुं बंद कर्युं छे. बीपी. अजिबात नाही चालत."

"काय बंद?" सफुराने मला विचारलं.

"मीठ," त्यांच्या बाई म्हणाल्या. "आमच्यात मीठुं म्हणतात. घरात पण वेगळं करते ह्यांचं."

रंगमंचावर मी अनेकांचे चेहरे पडताना पाहिले आहेत. पण एवढ्या तयारीचा चेहरा इतका पडलेला पाहिला नव्हता. सफुरा वाढायची पळी हातात धरून उभी राहिली. अली तिच्याकडे बघत नव्हता, तो शेडच्या दिशेला बघत होता. दीपेशभाईंनी डबा उघडला. फिक्या पोळ्या, फिका दुधी. आमच्या घरी बसून त्यांनी स्वतःचं जेवण जेवलं. आम्ही आमचं जेवलो.

जेवण झाल्यावर पाहुण्यांना काहीतरी द्यायचं म्हणून अलीने वाडीतून शहाळी उतरवून आणली. आमची झाडं अगदी किनाऱ्यावरची. भरतीचं पाणी मुळांपर्यंत येतं. दीपेशभाईंनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि सगळं संपवून तोंड पुसलं.

"वाह. पाणी बहु मीठुं छे."

सफुरा ताठ झाली. "काय म्हणाले?"

"मीठुं छे," ते पुन्हा म्हणाले.

"ऐकलंत ना आपा? त्यांनी स्वतः सांगितलं. मीठ हाय. आमच्या जमिनीतलंच मीठ हाय ते. झाडाने समुद्रातनं घेतलेलं." तिचे डोळे चमकत होते. "आता झालं. आता खाल्लं."

अलीने मान खाली घातली. दोह्याला गुजराती लोकांबरोबर राहिलेला माणूस तो. "सफुरा," तो हळूच म्हणाला, "गोड म्हणतायत ते. गोडाला पण मीठुंच म्हणतात त्यांच्यात."

"तुम्ही गप बसा. मघाशी मीठ होतं आणि आता गोड कसं झालं?"

दीपेशभाई आणि त्यांच्या बाई आळीपाळीने आमच्याकडे बघत होते. "हे मिठाचं काय चाललंय?" त्यांनी मला विचारलं. मग मी सगळं सांगितलं. गलबतावरचा खलाशी, तुळशीरामची नळी, इटलीतल्या म्हाताऱ्याचं लोणचं. मी सांगायला लागले की जरा रंगवून सांगते, ती माझी सवय; यंत्राला मात्र अलीसारखं नुसतं पंखाच म्हणत गेले. दीपेशभाई पोट धरून हसले. डोळे पुसत म्हणाले, "आणि एवढं सगळं माझ्या बोल्टसाठी? चला, बघू तरी कसला पंखा आहे तो. हॉलचा आहे की लग्नाच्या मांडवाचा?"

अलीने शेडची चादर काढली.

दीपेशभाईंचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त त्यातला माणूस आत निघून गेला. ते यंत्राभोवती एक फेरी मारून आले. वरच्या डोक्याकडे बघितलं, जिथे बोल्टाचं भोक रिकामं होतं. मग खुर्चीकडे बघितलं. खुर्चीवर अलीची जुनी उशी होती, सफुराने शिवलेली.

"ह्याच्यात कोण बसणार?"

"मी," अली म्हणाला.

"आणि पंखा?"

"हा," अलीने वर बोट केलं.

दीपेशभाई तिथल्या लाकडी खोक्यावर बसले. त्यांच्या बाई त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. बाईंनी गुजरातीत काहीतरी विचारलं, तेव्हा ते अलीकडे वळले.

"अलीभाई, तुम्ही फोनवर पंखा म्हणाला होता. पंख्याचा बोल्ट. मला वाटलं, कारखान्याचा मोठा पंखा असेल. शेठ हौशी दिसतात, विमानाच्या दर्जाचा बोल्ट मागतात." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "माझ्याकडे खरा विमानाचा माल होता, तो संपला. हा त्याच मापाचा, चांगला आहे, मजबूत आहे. पण तो नाही. दाखला त्या जुन्या मालाचा जोडला. बाजारात चालतं असं. पंख्याला चालतं. पंखा पडला तर भिंतीवर पडेल. पण हे नको. हे लावू नका."

बाहेर एक कोंबडी कुंपणातून आमच्याकडे आली. सफुराने ओढणीचं टोक हातात घेतलं, जुडगा उलटा केला, बोल्टावरून अंगठा फिरवला आणि पुन्हा सोडून दिला.

"भाई," ती म्हणाली, "शहाळं अजून देऊ का?"

"द्या," ते म्हणाले.

ते हरिहरेश्वराला गेले. परत जाताना थांबले नाहीत, तेव्हा मला वाटलं, संपलं. पण संक्रांतीच्या सुमारास ते पुन्हा आले, एकटे, पहाटे निघून. बंगळूरला विमानं उडवणाऱ्या क्लबांना माल पुरवणाऱ्या एका दुकानातून त्यांनी स्वतः जाऊन बोल्ट आणला होता. दाखला मूळ होता, बोल्टावरच्या आकड्याशी जुळणारा. अलीने भिंग लावून पाहिला. मग दीपेशभाईंनी सफुरासमोर तळहात पसरला.

"बेन, चिमूटभर चालतं. डॉक्टरला मी सांगतो."

सफुराने डब्यातून दोन बोटांच्या चिमटीत आलं तेवढं मीठ त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते जिभेवर घेतलं. तोंड वाकडं झालं. "आता कसं, मीठुं?" सफुराने विचारलं. "मीठुं," ते म्हणाले. अलीने बोल्ट बसवला.

हवेत न्यायचं तर सरकारी परवाना लागतो, आणि त्याचे अर्ज चालू आहेत, ते चालू राहतील. पहिल्या चाचणीच्या दिवसाचं ठरलं होतं ते एवढंच, की ओहोटीला वाळू कडक झाली की तिच्यावरून धावायचं आणि पंखा वाऱ्याने फिरतो का ते बघायचं. एकही चाक वाळूवरून सुटता कामा नये, असं सफुराने अलीकडून तीनदा कबूल करून घेतलं.

मी माझ्या जुन्या कंपनीची पितळी घंटा घेऊन गेले होते. तुळशीराम माणगावहून आला होता, दीपेशभाई सावलीत खुर्ची टाकून बसले होते, अर्धं गाव बंधाऱ्यावर उभं होतं. अली खुर्चीत बसला, पट्टा आवळला, माझ्याकडे बघून मान हलवली. मी तिसरी घंटा दिली.

मागचा पंखा घोंघावला. यंत्र निघालं. वरची पाती आधी आळसावल्यासारखी, मग जरा लाजत, मग ठाम फिरू लागली. त्यांना कुणी ढकलत नव्हतं. समोरचा समुद्रवारा होता, अलीच्या आजोबांना ओळखणारा. पात्यांचा आवाज बदलला, सपसप होता तो एकसंध झाला, आणि दोन पात्यांचं एक ताट दिसू लागलं. अली आमच्यासमोरून गेला. त्याचा चेहरा मी पाहिला. त्या चेहऱ्यासाठी मी कुठल्याही नटाला तोंड रंगवायला शिकवलं नसतं, तो तसाच पुरे होता.

दूर जाऊन तो वळला, थांबला, पाती हळूहळू निवली. सफुरा वाळूतून त्याच्याकडे निघाली. ठणठण आवाज होत होता. आम्ही मागोमाग.

"पुढचं चाक सुटलं," ती म्हणाली.

"न्हाय गं. तिथे वाळू उंच-सखल हाय. उडालं जरासं."

"मी बघत होते."

"वाळूच ती. विचार पद्माताईंना."

मी समुद्राकडे बघू लागले. सफुराने जुडग्यातला तो नकली बोल्ट हातात धरला आणि त्याच्यासमोर हलवला.

"आमचं लगीन झाल्यापासून माझ्या हातचं मीठ खाताय तुम्ही. खरं सांगा."

अलीने हेल्मेट काढलं. केस घामाने डोक्याला चिकटले होते. त्याने पुढच्या चाकाकडे पाहिलं, दीपेशभाईंकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"सुटलं," तो म्हणाला. "एक वीत."

सफुराने बोल्ट पुन्हा ओढणीत सोडला. तिचं तोंड कडक होतं, पण ते टिकवायला तिला कष्ट पडत होते, हे मला दिसत होतं. तसली भूमिका मी पुष्कळ केली आहे.

"चला," ती म्हणाली. "सगळे जेवायला चला. भाई, तुमचं बिनमिठाचं वेगळं काढलंय."